नगरसेवक नसलेली वर्षे

मार्च २०२२ मध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली आणि आयुक्तांनाच प्रशासक म्हणून नेमण्यात आले, तेव्हा "बरे झाले, सुटलो एकदाचे" असे मी स्वतःच म्हणाले होते. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा रोख मंत्रालयात बसलेल्या सरकारांवर जेवढा आहे, तेवढाच माझ्यासारख्या लोकांवरही आहे. आमचे निवृत्तिवेतन महिन्याच्या सुरुवातीला खात्यात जमा होते, घरात दोन वर्तमानपत्रे येतात, आणि राजकारण ही दुसऱ्यांनी करायची, जराशी अस्वच्छ गोष्ट आहे असे आम्हाला मनातून वाटत असते. नगरसेवकांचे वाढदिवसाचे फलक चौकातून उतरले, चांगले असलेले पेव्हर ब्लॉक दर मार्चमध्ये उखडून पुन्हा बसवण्याचा प्रकार काही काळ थांबला, आणि शहर आता शिकलेल्या, नेमस्त माणसांच्या हाती आले असे आम्ही समजलो. हे समाधान किती पोकळ होते, ते कळायला मला दीड वर्ष लागले.

मी कोणत्या शहरात राहते ते मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे जे घडले ते राज्यातल्या २९ महापालिकांपैकी कुठेही घडू शकले असते, आणि एखाद्या कार्यालयाला नाव घेऊन बोल लावल्याने हा प्रश्न सुटणाराही नाही.

आमची गल्ली जुन्या वस्तीतली, उताराच्या टोकाची. २०२३च्या जुलैमध्ये कोपऱ्यावरचे ड्रेनेजचे चेंबर तुंबले आणि वरच्या तीन गल्ल्यांचे घाण पाणी शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यापर्यंत आले. मी महापालिकेच्या ॲपवर छायाचित्रासह तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. काकूंच्या दारात त्या वेळी विटांवर फळी टाकलेली होती आणि त्या फळीवरून त्यांचा नातू शाळेत जात होता. मी क्षेत्रीय कार्यालयात गेले. तिथला कनिष्ठ अभियंता तरुण होता, बोलायला सभ्य होता, त्याने मला खुर्ची दिली आणि सरळ सांगितले, "मॅडम, चेंबर उपसून भागणार नाही, पूर्ण लाइन बदलावी लागेल. प्रस्ताव पाठवला आहे, वरून मंजुरी आली की काम धरतो." ती मंजुरी आणखी दोन पावसाळे आली नाही. या दोन वर्षांत तो अभियंता बदलून गेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे हे सांगू शकेल असा एकही माणूस त्या इमारतीत मला भेटला नाही.

२०१७ साली आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या नगरसेविका दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि निवडून येण्याआधी घरगुती पोळीभाजी केंद्र चालवत होत्या. त्यांच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नव्हते. सभागृहात त्या बोलत नाहीत, त्यांचा दीरच सगळे पाहतो, अशी आमची तक्रार असे. पण असेच चेंबर २०१८ मध्ये तुंबले होते, तेव्हा सकाळी सात वाजता पाच बायका त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, नगरसेविका आपल्या घरातल्याच चपला घालून गल्लीत आल्या होत्या, चेंबरपाशी उभ्या राहून त्यांनी मुकादमाला फोन लावला होता आणि दुपारपर्यंत चेंबर साफ करणारी जेटिंगची गाडी आली होती. या वेळी काकू मला म्हणाल्या, "अगं, ती बाई काम करायची नाही तेव्हा तिच्या दारात जाऊन भांडता तरी यायचं. आता भांडायचं कुणाशी?" लोकशाहीवर मी पुष्कळ वाचले आहे, परंतु स्थानिक स्वराज्य संस्था कशासाठी असतात याचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही.

भांडायला हक्काचा माणूस असावा, तो आपल्याच भागात राहणारा असावा आणि पाच वर्षांनी त्याला आपल्या दारात यावे लागावे, एवढ्यासाठी देशाने घटनादुरुस्ती केली. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यातला अनुच्छेद २४३-यू असे सांगतो की नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे राहील, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झालेली असली पाहिजे. या वाक्यात पळवाट ठेवलेली नाही. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावले होते, की अगदी असाधारण आपत्ती वगळता निवडणूक पुढे ढकलता येणार नाही. असे असताना मुंबईत ७ मार्च २०२२ रोजी मुदत संपल्यानंतर पुढचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. नवी मुंबई आणि त्या वेळचे औरंगाबाद या शहरांत २०१५ नंतर थेट २०२६ मध्ये मतदान झाले. म्हणजे २०१५ साली सतरा वर्षांचा असलेला तिथला मुलगा सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकासाठी मत देऊ शकला. कोल्हापुरात नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपली, आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचा महापूर आला तेव्हा त्या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. इचलकरंजी आणि जालना या महापालिका तर जन्मल्याच प्रशासकाच्या हाताखाली.

सुरुवातीला कोविडची साथ होती, ते कारण खरेच होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण त्यानंतरच्या चार वर्षांत काय झाले, ते नीट आठवले पाहिजे. कारण "ओबीसी आरक्षणामुळे निवडणुका अडल्या" हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की अडथळा आरक्षणानेच आणला असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच, कृष्णमूर्ती प्रकरणात, स्थानिक संस्थांतल्या इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासाठी स्वतंत्र आयोग आणि प्रत्यक्ष माहितीचा आधार लागेल असे सांगून ठेवले होते. त्यानंतरच्या अकरा वर्षांत राज्यात आलेल्या कोणत्याही सरकारने हे काम केले नाही. ४ मार्च २०२१ रोजी गवळी प्रकरणाचा निकाल लागला, ट्रिपल टेस्ट, म्हणजे न्यायालयाने घातलेल्या तीन अटी, पूर्ण नाहीत म्हणून आरक्षण अडले, तेव्हा इम्पिरिकल डेटा, म्हणजे ती प्रत्यक्ष माहिती, कोणी द्यायचा यावरून केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवत बसले. या कामासाठी बांठिया आयोग नेमला गेला तो मार्च २०२२ मध्ये, बहुतेक महापालिकांची मुदत संपत असताना. त्याचा अहवाल जुलैमध्ये न्यायालयाने स्वीकारलाही, आणि त्या आधारे निवडणुका घेण्यास मोकळीक दिली. तिथेच हा प्रश्न संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण दरम्यान प्रभागांची संख्या आणि रचना यांवरून दुसरीच लढाई सुरू झाली होती, आणि तिचा ओबीसी समाजाच्या न्याय्य हिश्श्याशी काडीचा संबंध नव्हता. महाविकास आघाडीच्या सरकारने मुंबईत २२७ चे २३६ प्रभाग केले होते. सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने ते पुन्हा २२७ केले. इतर शहरांतली एका प्रभागातून तीन सदस्य निवडण्याची रचना पुन्हा चारवर गेली. प्रकरण न्यायालयात गेले, 'जैसे थे'चा आदेश झाला, तारखा पडत राहिल्या. अखेरीस ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वी जे ओबीसी आरक्षण होते त्यानुसारच निवडणुका घ्या असा आदेश दिला. इतक्या साध्या तोडग्यासाठी तीन वर्षे जावी लागली, याचा अर्थ तोडगा कोणालाच हवा नव्हता असा मी घेते. आपल्या वाट्याचा दोष मागासवर्गीयांच्या माथी मारून राज्यकर्ते मोकळे झाले, ही या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे.

आणखी एक तारीख माझ्या मनातून जात नाही. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून स्वतःकडे घेणारी दुरुस्ती विधिमंडळाने केली, आणि ती एकमताने केली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका बाजूला उभे होते. मी उदारमतवादी विचारांची आहे आणि माझे मत सामान्यतः कोणाला जाते हे माझ्या ओळखीच्यांना ठाऊक आहे. तरीही त्या वेळचे सरकार आघाडीचे होते म्हणून मी हा प्रसंग गाळू शकत नाही. त्याच चार वर्षांत, त्याच मतदारयाद्यांवर, त्याच शिक्षकांना कामाला लावून लोकसभेची निवडणूक झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची झाली, एकही दिवस मुदत न ओलांडता झाली. आमदारांना स्वतःची निवडणूक वेळेवर लागते. नगरसेवकांची लांबली तर त्यांचे काही बिघडत नाही. उलट मतदारसंघात प्रतिस्पर्धी तयार होत नाही आणि गटारापासून उद्यानापर्यंतचे प्रत्येक भूमिपूजन त्यांच्याच हातून होते.

प्रशासक वाईट होते असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यात कष्टाळू, निःस्पृह अधिकारी होते. प्रश्न त्यांच्या हातात एकवटलेल्या अधिकाराचा आहे. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतात, स्थायी समिती त्यावर प्रश्न विचारते, सर्वसाधारण सभेत विरोधी नगरसेवक हरकत घेतात, आणि हे सगळे इतिवृत्तात नोंदले जाते. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारे तेच आणि सर्वसाधारण सभाही तेच. मुंबईचा कायदा १८८८ सालचा, इंग्रजांनी केलेला. मतदार मूठभर असतील, पण आयुक्ताच्या समोर निवडून आलेल्या सदस्यांची सभा त्या कायद्यानेही बसवली होती. मुंबई महापालिकेचा २०२३-२४ चा अर्थसंकल्प ५२,६१९ कोटी रुपयांचा, २०२४-२५ चा ५९,९५४ कोटींचा आणि २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा होता. तिन्ही मिळून सुमारे १ लाख ८७ हजार कोटी रुपयांचे हे अंदाजपत्रक एकाही निवडून आलेल्या सदस्याने सभागृहात उभे राहून तपासलेले नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेची ही स्थिती होती. सुमारे सहा हजार कोटींची रस्ते काँक्रिटीकरणाची कंत्राटे याच काळात दिली गेली. ती योग्य होती की नव्हती यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले, परंतु ती देण्याआधी सभागृहात चर्चा झाली नाही, कारण सभागृहच नव्हते.

यावर आमच्या कट्ट्यावरचे नेहमीचे उत्तर असे असते की नगरसेवक काय, टक्केवारीच खातात. खाणारे पुष्कळ आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु नगरसेवक गेले म्हणून टक्केवारी गेली, असे समजणे हा भाबडेपणा आहे. सभागृह बंद पडल्यावर शहराच्या पैशावरचा राजकीय ताबा संपत नाही, तो वर सरकतो, जिथे काकूंसारखी बाई जाऊन उभी राहू शकत नाही. मुंबईत जुलै २०२३ मध्ये पालकमंत्र्यांसाठी महापालिकेच्या मुख्यालयातच दालन उघडण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने माहितीच्या अधिकारातल्या नोंदींवरून दाखवून दिले की, महापालिकेच्या तिजोरीतून आमदारांच्या मतदारसंघांतल्या कामांसाठी दिलेला निधी सत्ताधारी पक्षांच्या आमदारांना मिळाला आणि विरोधी आमदारांच्या वाट्याला काही आले नाही. विरोधी आमदाराच्या मतदारसंघात राहणारा माणूसही घरपट्टी तेवढीच भरतो. सभागृह असते तर या वाटपावर निदान एखादी सभा तहकूब झाली असती.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही निवडून आलेले नव्हे, नेमलेले. व्हाइसरॉयच्या भेटीनिमित्त हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे सांगून बत्तीस सदस्यांमध्ये एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिले. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पण तो एक नकार आज आपल्याला माहीत आहे, कारण तिथे सभा होती, मतदान होते आणि नोंद होती. २०२२ ते २०२६ या काळात महाराष्ट्रातल्या महापालिकांनी जे हजारो प्रशासकीय ठराव केले, त्यांत कोणाचाही नकार नोंदलेला सापडणार नाही.

या काळाची सर्वांत कडू किंमत कोणी मोजली असे मला कोणी विचारले, तर मी पुण्याच्या हद्दीवरच्या गावांकडे बोट दाखवीन. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, सरपंच गेले; आठ-नऊ महिन्यांत महापालिकेची मुदत संपली आणि नगरसेवक मिळण्याआधीच नगरसेवकपद रिकामे झाले. मिळकतकराच्या नोटिसा मात्र आल्या. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला ही त्यातलीच गावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढू लागले, पुण्यात आणि आसपास दोनशेच्या वर संशयित रुग्ण नोंदले गेले, माणसे दगावली, कितीतरी जण व्हेंटिलेटरवर गेले. पिण्याच्या पाण्यावर संशय गेला तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला कळले की या गावांना विहिरीतले पाणी केवळ क्लोरिन टाकून, शुद्धीकरण केंद्रातून न जाता पुरवले जात आहे. गावकऱ्यांना ते आधीपासून माहीत होते. मात्र ते सभागृहात सांगणारा, आयुक्तांच्या टेबलावर गढूळ पाण्याची बाटली नेऊन ठेवणारा त्यांचा माणूस तिथे नव्हता. नगरसेवक असते तर साथ आली नसती, असा दावा मी करणार नाही. पण जुन्या पुण्यात पाणी दोन दिवस गढूळ आले की सर्वसाधारण सभेत हंडे वाजत असत, आणि हंडे वाजले की अधिकारी हलत असत, एवढे मी अनेक वर्षे पाहिले आहे. नव्या पुणेकरांना तो हंडा वाजवण्याचीही सोय उरली नव्हती.

दुसरी किंमत स्त्रियांनी मोजली, आणि तिच्याबद्दल फारच थोडे बोलले गेले. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. विधानसभेत २८८ आमदारांमध्ये स्त्रियांची संख्या अजून दहा टक्क्यांच्याही वर गेलेली नाही. संसदेतल्या आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेच्या मागे बांधलेली आहे. म्हणजे सामान्य घरातल्या बाईला सत्तेच्या दालनात जायला जो एक दरवाजा खरोखर उघडा होता, तोच आपण चार ते सहा वर्षे बंद ठेवला. "नगरसेविका नावालाच असतात, कारभार नवराच पाहतो" हे मीही म्हटले आहे, आमच्या नगरसेविकेबद्दलच म्हटले आहे. पण पहिली दोन वर्षे दिराच्या मागे बसणाऱ्या या बाई तिसऱ्या वर्षी प्रभाग समितीच्या बैठकीत स्वच्छतागृहांच्या प्रश्नावर स्वतः उठून बोलल्या होत्या, हे माझ्या कानांनी ऐकले आहे. दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या असत्या तर त्या दिराला घरी बसवून आल्या असत्या, अशी माझी खात्री आहे. निवडणूक वेळेवर झालीच नाही; झाली तेव्हा त्यांची जागा बदललेली होती आणि पक्षाने विचारले नाही. त्या आता पुन्हा पोळीभाजी केंद्र चालवतात.

जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले त्या दिवशी मी सकाळी साडेसातला रांगेत होते. अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबायची होती. चारही जागांची मिळून जवळपास तीस नावे, त्यांतल्या पाच जणांचीसुद्धा मला धड माहिती नव्हती, आणि मी रोज दोन वर्तमानपत्रे वाचणारी बाई आहे. माझ्यापुढच्या आजींनी एक बटण दाबले आणि त्या निघाल्या. मत पूर्ण झाले नाही म्हणून त्यांना परत बोलवावे लागले. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांत ही बहुसदस्यीय पद्धत आहे. पुण्याचे उदाहरण घेतले तर २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ साली एका सदस्याचा, २०१२ साली दोन सदस्यांचा, २०१७ साली चारांचा. मग तीनचा कायदा झाला आणि तो वापरण्याआधीच पुन्हा चार झाले. दर निवडणुकीला खेळाचे नियम बदलतात, आणि ते बदलणारे स्वतःच खेळाडू असतात. आता पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले जातात. २०११ च्या जुन्या जनगणनेनुसारसुद्धा एका प्रभागात ऐंशी हजारांच्या आसपास लोक येतात. इतक्या मोठ्या प्रभागात पक्षाशिवाय, पैशाशिवाय उभा राहणारा एखादा शिक्षक किंवा एखादी अंगणवाडी सेविका घरोघरी पोहोचू शकत नाही. निवडून आल्यावर चौघांपैकी प्रत्येक जण नागरिकाला उरलेल्या तिघांकडे पाठवू शकतो, आणि काकूंच्या त्या साध्या प्रश्नाला पुन्हा उत्तर राहत नाही. मला एका प्रभागाला एकच नगरसेवक हवा आहे, तो आवडता असो वा नावडता. आणि प्रभाग पाडण्याचे काम निवडणूक लढवणाऱ्यांच्या हातून काढून पुन्हा राज्य निवडणूक आयोगाकडे गेलेले हवे आहे, मुदत संपण्याच्या किमान वर्षभर आधी ते पूर्ण करण्याच्या बंधनासह.

महापौर आल्या-गेल्याची, कोणाच्या किती जागा आल्या याची चर्चा त्या आठवड्यात भरपूर झाली. मी तिच्यात शिरत नाही. माझ्या पसंतीचे बरेच उमेदवार हरले, आणि तरीही निकालाच्या रात्री मला चार वर्षांत प्रथमच हलके वाटले, कारण ज्यांच्याविरुद्ध मी मत दिले ते माझेही नगरसेवक आहेत आणि त्यांच्या दारात उभे राहण्याचा मला हक्क आहे. काही ठिकाणी मतदानाआधीच उमेदवार बिनविरोध निवडून आले, तिथल्या मतदारांना एवढेही मिळाले नाही, याची खंत वाटते. ज्या मतदानासाठी इतकी वर्षे थांबलो ते अर्ज माघारीच्या दिवशी कोणीतरी परस्पर उरकून टाकावे, हे मला मान्य नाही.

निवडणूक झाली म्हणजे काम झाले असे मात्र आता मी म्हणणार नाही. ती चूक एकदा केली आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. ग्रामसभेसारखीच मतदारांची सभा, शहरातल्या गल्लीबोळांसाठी. कायद्याच्या पुस्तकात ती आहे. आमच्या शहरात ती भरल्याचे मी एकदाही ऐकलेले नाही, आणि खरे सांगायचे तर ती भरवा असे आम्हीही कधी म्हटलेले नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातली कामे सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची अशी प्रथा सुरू झाली, तीसुद्धा जिथे लोकांनी लावून धरली तिथेच काही प्रमाणात टिकली.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीत अकरा जण जमलो. चौघाही नगरसेवकांच्या नावे एक अर्ज लिहिला आहे: प्रभागात क्षेत्रसभा बोलवावी, तिच्यात ड्रेनेज लाइनच्या प्रस्तावाची सद्यःस्थिती लेखी ठेवावी, आणि सभेचे इतिवृत्त क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावे. पहिली सही काकूंची आहे. तीन घरांनी "नगरसेवकांच्या नादी कशाला लागता" म्हणून सही दिली नाही; त्यांतल्या एका घरी मी पुन्हा जाणार आहे, कारण २०२२ मध्ये "सुटलो एकदाचे" हे मी त्यांच्याच ओसरीवर चहा पिताना म्हटले होते. अर्ज सोमवारी देऊ आणि पोच घेऊन येऊ.